आधी भिंतीतलं सॉकेट बघ, मग ग्राफिक्स कार्ड

वाचकाचा प्रश्न

नाशिकच्या सिडकोत राहणारा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर शाखेत असलेला विशीतला मुलगा लिहितो. लग्नसराईत लॉन्सवर वाढप्याचं काम करून त्याने ३२,००० रुपये जमवलेत. वडील अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, ते बोनसमधले २८,००० घालायला तयार आहेत. असे ६०,००० रुपये. त्यात गेमिंग पीसी स्वतः जोडायचा आहे. समोर तीन पर्याय आहेत. पुण्याच्या मावसभावाने दिलेली यादी, जिच्यात निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाला जातात. एका दुकानाचं ५४,००० चं पॅकेज : 'आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट'. आणि मित्राच्या ओळखीतला २८,००० चा सेकंडहँड पीसी, आरएक्स ५८० कार्डासकट. तो पुढे म्हणतो : "सध्या व्हॅलरंट आणि जीटीए ५ खेळतो, पण जीटीए ६ ला कमी पडायला नको. एकदाच घ्यायचा, पाच-सहा वर्षं बघायला नको. मॉनिटर म्हणून घरचा ३२ इंची टीव्हीच वापरेन. आत्ताच्या जुन्या पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की कधी कधी झिणझिण्या येतात, पण नवीन आला की तो प्रश्न मिटेल. पप्पांना अभ्यासासाठी घेतोय असंच सांगितलंय. तिन्हींपैकी काय घेऊ?"

उत्तर

वय कळलंय, म्हणून सरळ अरे-तुरे करतो.

जेल रोडला बरीच वर्षं माझं रिपेअरिंगचं टेबल होतं. 'काय घेऊ' विचारायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ग्राफिक्स कार्डाच्या नावाने सुरुवात करायचा आणि खरी गोष्ट निघता निघता, चप्पल घालताना सांगायचा. तूही तेच केलंस. तुझ्या पत्रातली कामाची वाक्यं सगळी शेवटी आहेत : टीव्हीचं, झिणझिण्यांचं आणि पप्पांचं. तिन्ही याद्या जरा बाजूला ठेव. झिणझिण्यांपासून सुरू करू.

नवीन पीसी आला म्हणून त्या जाणार नाहीत. त्या पीसीतून येत नाहीयेत, भिंतीतून येतायत. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत, वीज शिरते तिथेच, विजेतला गोंगाट गाळणारा एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर एका बाजूने फेज आणि न्यूट्रलला आणि दुसऱ्या बाजूने कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. पत्रा तीन पिनी प्लगच्या जाड पिनेतून अर्थिंगला जातो. अर्थिंग धड असेल तर ती बारीकशी गळती जमिनीत निघून जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर घरच्या व्होल्टेजच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, नुसते तरंगत बसतात. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आत काही खरंच शॉर्ट झालं, तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो. शिवाय अशा तरंगत्या पत्र्याच्या पीसीला केबलवाल्याची तार जोडलेला टीव्ही, दोन्ही चालू असताना, एचडीएमआयने जोडला आणि पोर्ट गेला, अशी मशीन माझ्या टेबलावर आलेली आहेत. ६०,००० चा नवाकोरा पीसी तू त्याच सॉकेटला लावणार होतास.

हे मोजायला पाच मिनिटं पुरतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आगेमागे दिसेल. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला भलताच आकडा आला, तर त्या तिसऱ्या भोकामागे तार नाही किंवा असून नसल्यासारखी आहे. बऱ्याच घरांत वायरमनने सॉकेट तीन भोकांचं बसवलेलं असतं आणि तारा दोनच ओढलेल्या असतात. हे मोजमाप तू स्वतः करू नकोस. ज्याचं रोजचं काम हेच आहे असा माणूस तुझ्याच घरातून सकाळी डबा घेऊन अंबडला जातो. त्याच्याकडे परत येतो.

आता एसएमपीएस. मावसभावाच्या यादीत शेवटच्या ओळीत 'एसएमपीएस : कॅबिनेटबरोबर येतो तो' असं आहे ना? तू पूर्ण यादी पाठवलीस हे बरं केलंस. निम्मे पैसे कार्डाला घातले की कुठेतरी हात आखडावा लागतो, आणि तो नेहमी इथेच आखडतो, कारण हा डबा काचेतून दिसत नाही आणि याच्यामुळे गेममधला एकही फ्रेम वाढत नाही.

टेबलावर आलेलं एक मशीन अजून डोळ्यांसमोर आहे. तक्रार काय, तर गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला पीसी बंद. उघडलं तर आधी वास आला. कार्डाला वीज देणाऱ्या कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक कडेने तपकिरी होऊन वितळलं होतं, पिवळ्या तारेचं वेष्टण बोटाने दाबलं की तुटत होतं. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्या १२ व्होल्टवरच जगतात. १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. बाकीच्या २५८ मधले बरेचसे वॅट छापखान्यात तयार झालेले.

म्हणून दुकानात डबा उलटा करून तो तक्ता वाच. हिशेब सोपा आहे. आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॅट घेतं. रायझन ५ ५६०० प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, जोर लागला की ७६ पर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीस-पन्नास धर. अडीचशेच्या आसपास झाले. नावाजलेल्या कंपनीचा, १२ व्होल्टवर खरोखर चाळीसेक अँपिअर देणारा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतलास, तर पुढे कार्ड बदललं तरी तो चालून जाईल. '८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, टिकाऊपणाचं ते प्रमाणपत्र नाही. पण पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी काहीतरी विचार करून देत असते. तुझ्या ६०,००० मधले पहिले पैसे इथे जाऊ देत. पहिले म्हणजे खरोखर पहिले. उरलेल्या पैशांत बाकीचं बसव.

आता टीव्ही. मला वाटतं तुझ्या तिन्ही पर्यायांचा निकाल इथेच लागतो. त्याच्या मागच्या स्टिकरवर 'एचडी रेडी' लिहिलंय का बघ. ३२ इंचीच्या बहुतेक टीव्हींवर तेच असतं. तसं असेल तर त्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपके आहेत, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत. साध्या फुल एचडी मॉनिटरवर २० लाख ७३ हजार असतात. मावसभावाने सुचवलेलं कार्ड १४४० च्या (२५६० बाय १४४०) पडद्यासाठी घेतात, तिथे ३६ लाख ८६ हजार. त्यातून टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. तू वाढपी आहेस, तुला पटकन कळेल : पंगतीत पानं मांडलीत साठ आणि भटारखान्यातून येतायत दीडशे ताटं. उरलेली नव्वद तशीच परत जातात. बटण दाबणं आणि पडद्यावर हलणं यांत टीव्ही जो उशीर लावतो तो वेगळाच. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो थोडा कमी होतो. व्हॅलरंटसारख्या खेळात तो उशीर म्हणजे मेलासच.

आणि हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सात ते दहा तुझा नसतो, हे मी तुझ्या घरी न येता सांगू शकतो.

तेव्हा तुझ्या यादीत नसलेली वस्तू एसएमपीएसच्या लगेच खाली लिही : २२ किंवा २४ इंची फुल एचडी मॉनिटर, आयपीएस पॅनेलचा, १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० चित्रं) किंवा जास्त. घरी आणल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने निवडावा लागतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळलेली मुलं मी पाहिलीत.

दुकानाच्या पॅकेजवर फार वेळ घालवत नाही. 'आय७' एवढंच लिहिणं म्हणजे 'द्राक्षं आहेत' एवढंच सांगून भाव मागणं. कुठल्या पिढीचा आय७? २०१२ सालचा आय७-३७७० आणि २०२२ सालचा आय३-१२१००, दोघांनाही चार कोअर (काम करणारे मेंदू) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). दहा वर्षं धाकटा असलेला आय३ त्या थोरल्या आय७ला आरामात मागे टाकतो. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे चालवून घेत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) लागतो. म्हणजे जुना आय७ घेतलास तर नेमका तुझा रोजचा गेमच अडकण्याची शक्यता. '४ जीबी ग्राफिक्स' तसंच. २०१४ सालच्या जीटी ७३० चीही ४ जीबीवाली कार्डं निघाली, संथ डीडीआर३ मेमरी लावलेली. टाकी मोठी आणि नळ दोरीएवढा. दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डाचं मॉडेल, कार्डाचं पूर्ण नाव आणि एसएमपीएसची कंपनी एका कागदावर लिहून माग. लिहून दिलं तर त्यावर बोलता येईल. 'अहो, चांगलंच देतोय' असं उत्तर आलं तर चहा पिऊन नीघ.

सेकंडहँडवर माझा राग नाही. पण आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड. बरीचशी कार्डं क्रिप्टोच्या खाणीत, म्हणजे आभासी चलन मिळवायच्या हिशेबात, रात्रंदिवस जुंपलेली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने पद्धत बदलली, कार्डांचं ते काम एका दिवसात संपलं आणि माल बाजारात आला. खाणीतलं प्रत्येक कार्ड वाईट नसतं, पण पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असतात. शिवाय त्या नावाखाली दोन कार्डं विकली जातात. अस्सल ५८० ला २३०४ शेडर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग) असतात, एका आवृत्तीला २०४८ च. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर हा आकडा दाखवतं, ते पेनड्राइव्हवर घेऊन जा. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालव, तापमान बघ, पडद्यावर रंगीत ठिपके-चौकोन येतात का बघ. 'आत्ता घाई आहे, नंतर बघू' म्हणाला तर तुलाही घाई आहे म्हण. हे कार्ड व्हॅलरंट आणि जीटीए ५ नीट चालवेल, त्यात शंका नाही. पण डूम : द डार्क एजेससारखे नवे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत, आणि ५८० मध्ये ते नाही.

सेकंडहँड घ्यायचंच तर मॉनिटर, कॅबिनेट, रॅम आणि प्रोसेसर घे. रॅम चालते किंवा चालत नाही, मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावलं की कळतं. प्रोसेसर सहसा मरत नाही, एएम४ (रायझन ५६०० बसतो त्या सॉकेटचा) असेल तर बुडाच्या पिना वाकलेल्या नाहीत ना तेवढं बघ. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र दुसऱ्याने वापरलेले कधीच नको.

जीटीए ६ चं काय? आतापर्यंत जाहीर झालाय तो कन्सोलसाठी. आधीचा, जीटीए ५, कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. दीड वर्षाच्या वर गेलं. नव्याचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण जो गेम पीसीसाठी जाहीरही झालेला नाही, ज्याला काय लागेल हे कंपनीने सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी आज जास्तीचे पैसे घालणं म्हणजे न ठरलेल्या लग्नाचं कार्यालय बुक करणं.

यातूनच तुझं 'एकदाच घ्यायचा' येतं. फ्रिज एकदाच घेतात, कारण त्याचा कॉम्प्रेसर काढून मोठा बसवता येत नाही. स्वतः जोडलेल्या पीसीचं सगळं सुख बरोबर उलटं आहे. चार वर्षांनी कार्ड काढायचं, विकायचं, नवीन घालायचं. मॉनिटर, कॅबिनेट, एसएमपीएस जागेवर. म्हणून जे भाग बदलणार नाहीत त्यांत आज चांगले पैसे घाल, आणि जे बदलणार आहेत ते आजच्या पडद्यापुरते घे.

तर माझी यादी. प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. जो त्या आठवड्यात बोर्डासकट स्वस्त पडेल तो. ५६०० बरोबर डब्यात कूलर येतो, वेगळा घेऊ नकोस. नावापुढचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. बोर्ड साधाच, पण बी४५० किंवा ए५२० चा जुना स्टॉक असेल तर 'बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ५६०० साठी अपडेट केलंय का' हे विचार आणि दुकानातच चालू करून बघ. आय५ साठीचे एच६१० बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे असतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन काड्या. १६ ची एकच काडी म्हणजे दोन दरवाजांच्या बसचं एकच दार उघडणं. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळत बसते.

रॅमचा भाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुझ्या जिल्ह्यात लासलगाव आहे, तुला भावाचं काय सांगायचं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने स्वतःकडे वळवले आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे दर असे चढले की आदल्या वर्षीच्या याद्या निकामी झाल्या. मावसभावाची यादी कधीची आहे ते विचार. दर फारच चढे असतील तर रॅम सेकंडहँड घे, किंवा प्रोसेसर आय३-१२१००एफ वर आण. एसएमपीएसला हात लावू नकोस. आठची एकच काडी घेऊन 'दुसरी नंतर' हा मार्ग शेवटचा. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान), ५०० जीबीवर सुरुवात केली तरी चालेल. वेगाच्या मोठ्या आकड्यांना भुलू नकोस, गेम खेळताना साध्यातल्या आणि भारीतल्या एनव्हीएमईचा फरक तुला जाणवणार नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडीतला मात्र पहिल्याच मिनिटाला जाणवेल.

कार्ड ८ जीबीचं, एकूण पैशांच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. आरएक्स ६६०० मिळालं तर तुझ्या पडद्याला ते पुरून उरेल. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० समोर आलं तर नाव नीट वाच. ८ जीबीचं वेगळं, २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं वेगळं आणि हळू. ६ जीबीवालं ७० वॅटमध्ये चालतं, त्याला वेगळी तार लागत नाही, म्हणून ब्रँडेड ऑफिस पीसीत घालायला ते चांगलं. तुझ्यासाठी नाही.

इथे तुझी शाखा आड येते. कॉम्प्युटरला आहेस, पुढे मशीन लर्निंग येईल, आणि कोणीतरी सांगेल की त्याला एनव्हिडियाच लागतं, कारण कूडा (कार्डावर हिशेब चालवण्याची एनव्हिडियाची प्रणाली) फक्त तिथेच चालतं. हे खरं आहे. पण आरटीएक्स ३०५० खेळात ६६०० च्या मागे पडतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट गूगल कोलॅब या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सेवेवर फुकटच्या जीपीयूवर होतात. मी तुझ्या जागी ६६०० घेतलं असतं. फायनलच्या प्रोजेक्टला खरंच गरज पडली तर कार्ड बदलता येतं, आत्ताच बोललो तसं.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं, बास. पुढे अख्खी काच लावलेलं दिसायला झकास, पण वरच्या मजल्यावरच्या खोलीत मे महिन्यात त्यात पोळ्या भाजता येतील. कीबोर्ड-माउस जुनेच चालव. यूपीएस पुढच्या लग्नसराईला.

ज्या वाचकांकडे पस्तीस-चाळीस हजारच आहेत त्यांनी कार्ड आत्ता घेऊच नये. रायझन ५ ५६००जी घ्यावा, त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. व्हॅलरंटसारखे हलके खेळ त्यावर सुखाने चालतात. रॅमच्या दोन काड्या इथे तर सक्तीच्याच, कारण ते ग्राफिक्स रॅमवरच जगतं. कार्ड वर्षभराने. एवढंच की ५६००जी ची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) साध्या ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे आणि तो कार्डाशी बोलणाऱ्या मार्गाच्या जुन्या, पीसीआयई ३.० वरच थांबतो, त्यामुळे पुढे कार्ड घातल्यावर तो थोडा मागे राहील. जमवून खेळायचं तर हे चालतं.

खरेदीबद्दल. एमजी रोडला दोन-तीन दुकानांत लेखी कोटेशन घे, मग ऑनलाइन भाव लाव. पाच-सातशेचा फरक असेल तर नाशकातलं दुकान बरं, कारण बोर्ड चालू झाला नाही तर संध्याकाळी तिथे जाऊन उभं राहता येतं. हजारांचा फरक असेल तर पंचवटी एक्सप्रेसने दादर आणि तिथून लोकलने ग्रँट रोडला उतरून मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. मी एकेकाळी महिन्याला एक फेरी मारायचो. पण परतीच्या गर्दीत मांडीवर मॉनिटरचा खोका घेऊन बसणं काय असतं ते मला विचार. कुठूनही घे, बिल पक्कं घे आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घे. जीएसटीचे १८ टक्के वाचवायला कच्च्या बिलावर घेतलेलं कार्ड तिसऱ्या वर्षी गेलं की वॉरंटी मागायला हातात काही नसतं. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच. ज्या कंपनीचा माल घेतोस तिचं सर्व्हिस सेंटर नाशकात आहे का, तेही तिच्या साइटवर आधीच बघून ठेव.

आता पप्पा. 'अभ्यासासाठी' हे अगदी खोटं नाही, तू कॉम्प्युटरला आहेस. पण पूर्ण खरंही नाही, म्हणून तर तू ते पत्रात लिहिलंस. निम्म्याहून जास्त पैसे तुझे आहेत, ते तू उष्टी ताटं उचलून मिळवलेत. खेळण्यासाठी पीसी घेतोय हे सांगायला तुला लाज वाटायचं काही कारण मला दिसत नाही. तुला भीती आहे ती ते नाही म्हणतील याची. पण न सांगता आणलास तर काय होईल? रात्री अकराला हेडफोन लावून ओरडताना ते दारात उभे राहतील, आणि मग २८,००० चा विषय वर्षानुवर्षं निघत राहील.

शिवाय, तू त्यांना फक्त पैशांसाठी विचारलंस. जो माणूस कारखान्यात मोटर का तापते, कुठल्या केबलला किती अँपिअर झेपतात, हे बघून पगार घेतो, त्याला एसएमपीएसच्या तक्त्यासमोर उभा कर. दुकानदाराला जे प्रश्न तुला सुचणार नाहीत ते त्यांना सुचतील. त्यांना बरोबर घेऊन जा. कार्डाचं नाव त्यांना कळणार नाही, १२ गुणिले १६ लगेच कळेल. आणि खेळायचं कधी, किती, परीक्षेच्या आधी काय, हे पीसी यायच्या आधी ठरवून घे. नंतर ठरवलेले नियम शिक्षेसारखे लागतात.

जोडणीचं फार टेन्शन घेऊ नकोस. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्डाचे टेकू) फक्त बोर्डाच्या भोकांखालीच हवेत, एखादा भलतीकडे राहिला तर मागून शॉर्ट होतो. प्रोसेसरची वीज वेगळ्या कनेक्टरने येते, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, आठ पिनांची. ती विसरली की पंखे फिरतात आणि पडदा काळा. कूलर वेगळा घेतला असेल तर त्याच्या बुडाचं पातळ प्लास्टिक सोल. आणि मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, खाली आडव्या बसवलेल्या कार्डाला लावायची. माझ्या पहिल्या पीसीला मी ती वर लावली होती. कार्ड मेलेलं दिलं म्हणून सगळं धूड रिक्षात घालून दुकानात नेलं, चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. दुकानदार काही बोलला नाही. त्याने केबल वरून काढली, खाली लावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आज संध्याकाळी पप्पा आले की मल्टिमीटर घरी आहे का विचार. असेल तर पीसीच्या सॉकेटपासून सुरुवात करा. आणि तिसऱ्या भोकात तार निघाली नाहीच, तर नवीन वायर आणि वायरमनची मजुरी ६०,००० मधून आधी बाजूला काढ.